८,७५,३९,३१९ : एक मोठी संख्या वहीत कशी तपासावी

मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधायचे तर संगणकच हवा, असा समज पूर्ण संख्यांच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या अनेकांचा असतो. आठ अंकी संख्येपर्यंत तरी तो खरा नाही. या लेखात ८,७५,३९,३१९ ही एकच संख्या घेऊन तिची तपासणी पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत कशी करावी, हे क्रमाने दाखवले आहे. त्यासाठी आठवी-नववीच्या बीजगणिताएवढी तयारी, एक वही आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

ही संख्या निवडण्यामागे कारण आहे. रामानुजन आणि हार्डी यांच्या संवादातून प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या बहुतेकांना ठाऊक असते. दोन धन पूर्ण संख्यांच्या घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. (तिचा हा गुणधर्म फ्रान्समधील फ्रेनिक्ल द बेसी यांनी १६५७ मध्येच नोंदवलेला होता, पण नाव झाले ते हार्डी ज्या टॅक्सीने रामानुजन यांना भेटायला गेले, तिच्या क्रमांकामुळे.) असे लेखन तीन प्रकारे करता येणारी सर्वांत लहान संख्या म्हणजे ८,७५,३९,३१९. ती इंग्लंडचे जॉन लीच यांनी १९५७ मध्ये शोधली. मात्र सुरुवातीला आपण ही माहिती बाजूला ठेवू आणि संख्येकडे पूर्णपणे अनोळखी म्हणून पाहू, कारण ओळख नसलेली संख्या हाती आली तर काय करावे, हेच शिकायचे आहे.

पहिली पायरी : अंक वाचणे

भागाकाराला हात घालण्यापूर्वी अंकांकडे नीट पाहावे. शेवटचा अंक ९ आहे, म्हणजे संख्या विषम आहे आणि तिला ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ८ + ७ + ५ + ३ + ९ + ३ + १ + ९ = ४५ येते. ४५ ला ९ ने भाग जातो, म्हणून मूळच्या संख्येलाही ९ ने भाग जातो.

अंकांची बेरीज हाताशी आहेच, तर आणखी एक प्रश्न विचारून घ्यावा. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला देवळालीचे शिक्षक-गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी हर्षद संख्या असे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. १७२९ ही हर्षद संख्या आहे, कारण तिच्या अंकांची बेरीज १९ असून १९ × ९१ = १७२९. आपली संख्या मात्र हर्षद नाही: ४५ ने भाग जाण्यासाठी ५ ने भाग जायला हवा आणि तो जात नाही.

दुसरी पायरी : ७, ११ आणि १३ एकाच वेळी

७ × ११ × १३ = १००१ ही ओळख येथे फार उपयोगी पडते. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत आणि त्यांची आळीपाळीने वजाबाकी व बेरीज करावी. जे उत्तर येईल त्याला ७, ११ किंवा १३ यांपैकी ज्याने भाग जाईल, त्यानेच मूळ संख्येलाही भाग जातो. आपल्याकडे स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने दिले जातात, त्यामुळे ते पाहून गट पाडले तर चूक ठरलेली. म्हणून संख्या आधी स्वल्पविरामांशिवाय ८७५३९३१९ अशी लिहावी आणि मग ८७ | ५३९ | ३१९ असे गट करावेत.

३१९ − ५३९ + ८७ = −१३३. ऋण चिन्हाची चिंता नको. १३३ = ७ × १९ असल्यामुळे आपल्या संख्येला ७ ने भाग जातो, ११ ने आणि १३ ने जात नाही. तीन कसोट्या एका ओळीत झाल्या.

तिसरी पायरी : मूळ अवयव

आता प्रत्यक्ष भागाकार. ८,७५,३९,३१९ ÷ ९ = ९७,२६,५९१. या भागाकाराच्या अंकांची बेरीज ३९ आहे, म्हणजे पुन्हा ३ ने भाग जातो आणि ३२,४२,१९७ मिळतात. यातील अंकांची बेरीज २८ असल्यामुळे ३ चा विषय येथे संपला. ही ३२,४२,१९७ संख्या वहीत ठळक करून ठेवावी, ती पुढे पुन्हा लागणार आहे. तिला ७ ने भागल्यावर ४,६३,१७१ उरतात. त्याला पुन्हा ७ ने भागल्यास बाकी २ येते, म्हणून ७ एकदाच.

४,६३,१७१ चे वर्गमूळ ६८० आणि ६८१ यांच्यामध्ये आहे. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव वर्गमूळापेक्षा मोठा नसतो, म्हणून जास्तीत जास्त ६८० पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतील. हे काम दिसते तेवढे लांबत नाही, कारण एक अवयव सापडला की उरलेली संख्या लहान होते आणि तिच्याबरोबर मर्यादाही खाली येते. १७ ने भागल्यास बाकी ६, १९ ने ८, २३ ने २०, २९ ने १२ आणि ३१ ने शून्य. ४,६३,१७१ = ३१ × १४,९४१.

१४,९४१ चे वर्गमूळ १२२ च्या जवळ आहे. ६८० ची मर्यादा एका फटक्यात १२२ वर आली. पुन्हा ३१ पासून सुरुवात करावी (सापडलेला अवयव दुसऱ्यांदा तपासायला नवखे हमखास विसरतात): ३१ ने बाकी ३०, ३७ नेही ३०, ४१ ने १७, ४३ ने २०, ४७ ने ४२, ५३ ने ४८, ५९ ने १४, ६१ ने ५७ आणि ६७ ने शून्य. १४,९४१ = ६७ × २२३. आता २२३ ही १५ च्या वर्गापेक्षा, म्हणजे २२५ पेक्षा लहान आहे आणि १३ पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने तिला भाग जाणार नाही हे आपण आधीच पाहिले आहे. म्हणून ती मूळ संख्या.

८,७५,३९,३१९ = ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३

चौथी पायरी : अवयवांवरून लगेच मिळणारे गुणधर्म

मूळ अवयव मिळाले की काही गोष्टी फक्त गुणाकाराने निघतात. विभाजकांची संख्या काढण्यासाठी प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा: ४ × २ × २ × २ × २ = ६४ विभाजक. सर्व विभाजकांची बेरीज ४० × ८ × ३२ × ६८ × २२४ = १५,५९,७५,६८० येते. येथे ४० म्हणजे १ + ३ + ९ + २७, आणि उरलेले प्रत्येक पद म्हणजे मूळ अवयव अधिक १. या बेरजेतून खुद्द संख्या वजा केली तर ६,८४,३६,३६१ उरतात, जे संख्येपेक्षा कमी आहेत, म्हणून ही न्यून संख्या ठरते. तिच्याशी सहमूळ असलेल्या आणि तिच्याहून लहान संख्या १८ × ६ × ३० × ६६ × २२२ = ४,७४,७२,४८० आहेत. हे आकडे नोंदवून पुढे जावे. या संख्येचे खरे वैशिष्ट्य त्यांत नाही.

पाचवी पायरी : वर्गांची बेरीज

संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हे मूळ अवयवांना ४ ने भागून आलेल्या बाकीवरून कळते. ज्या मूळ अवयवाची बाकी ३ आहे, त्याचा घातांक सम असावा लागतो. आपल्याकडे ३, ७, ३१, ६७ आणि २२३ या सर्वांची बाकी ३ आहे आणि सर्व घातांक विषम आहेत. एक अपवाद पुरेसा होता. येथे पाचही अवयव अटीच्या विरुद्ध उभे आहेत.

तीन वर्गांनी काम होईल का? त्यासाठी ८ ने भागून बाकी पाहावी, आणि ती शेवटच्या तीन अंकांवरूनच कळते: ३१९ = ८ × ३९ + ७, म्हणजे बाकी ७. कोणत्याही वर्गाला ८ ने भागल्यास बाकी ०, १ किंवा ४ येते आणि अशा तीन बाक्यांची बेरीज कधीच ७ ची बाकी देत नाही. म्हणजे तीन वर्गही अपुरे पडतात. चार वर्ग मात्र प्रत्येक धन पूर्ण संख्येला पुरतात, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केले. आपल्या संख्येसाठी एक उदाहरण असे:

९३५५² + १५१² + २२² + ३² = ८,७५,३९,३१९

यातही एक गंमत आहे. विषम संख्येचे चार वर्गांत किती प्रकारे लेखन होते हे याकोबी यांच्या सूत्राने कळते: विभाजकांच्या बेरजेची आठपट. क्रम आणि चिन्हे वेगवेगळी मोजली तर आपल्या संख्येसाठी हा आकडा १,२४,७८,०५,४४० आहे. तीन वर्गांत एकही मार्ग नाही आणि चार वर्गांत सव्वाशे कोटींच्या आसपास मार्ग आहेत.

सहावी पायरी : घनांची बेरीज

या पायरीला वेळ द्यावा. दोन घनांची बेरीज शोधायची म्हणून १ पासून ४४४ पर्यंतच्या सर्व घनांचा तक्ता करून जोड्या लावत बसणे हा मार्ग नवखे प्रथम धरतात. तो चुकीचा नाही, पण कंटाळवाणा आहे आणि अनावश्यकही आहे. मूळ अवयव हाती असताना सर्व जोड्या नेमक्या शोधता येतात, आणि त्यांव्यतिरिक्त आणखी जोडी नाही याची सिद्धताही त्याच आकडेमोडीत मिळते.

प्रथम एक छोटी चाळणी. घनाला ९ ने भागल्यास बाकी ०, १ किंवा ८ येते, म्हणून दोन घनांच्या बेरजेची बाकी ३, ४, ५ किंवा ६ असूच शकत नाही. आपल्या संख्येची बाकी ० आहे, तेव्हा ती या चाळणीतून पार होते. दुसरी एखादी संख्या तपासताना येथेच काम थांबू शकते, म्हणून ही पायरी गाळू नये.

आता शोधायच्या दोन संख्यांची बेरीज ‘स’ आणि गुणाकार ‘ग’ मानू. त्यांच्या घनांची बेरीज स³ − ३ × स × ग इतकी, म्हणजेच स × (स² − ३ग) असते. यावरून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे ‘स’ हा आपल्या संख्येचा विभाजक असलाच पाहिजे. दुसरी गोष्ट अशी, की ‘स’ ठरला की ‘ग’ आपोआप ठरतो: स² मधून (संख्या ÷ स) वजा करावे आणि उत्तराला ३ ने भागावे.

‘स’ किती मोठा असू शकतो? दोन धन संख्यांच्या बेरजेचा घन त्यांच्या घनांच्या बेरजेपेक्षा मोठा असतो, आणि घनांच्या बेरजेच्या चौपटीपेक्षा तो कधीच जास्त नसतो. ४४४³ = ८,७५,२८,३८४, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा केवळ १०,९३५ ने कमी; म्हणून ‘स’ निदान ४४५. संख्येची चौपट ३५,०१,५७,२७६ आहे; ७०४³ = ३४,८९,१३,६६४ आणि ७०५³ = ३५,०४,०२,६२५, म्हणून ‘स’ जास्तीत जास्त ७०४.

एकूण ६४ विभाजकांपैकी ४४५ ते ७०४ या पट्ट्यात किती आहेत, हे ३ च्या घातांकानुसार पाहावे. ३ नसलेला विभाजक: ७ × ६७ = ४६९. एक ३ असलेले: ३ × ७ × ३१ = ६५१ आणि ३ × २२३ = ६६९. दोन ३ असलेला: ९ × ६७ = ६०३. तीन ३ असलेला एकही नाही. म्हणजे आठ कोटींच्या या संख्येसाठी तपासायचे उमेदवार फक्त चार.

४६९ लगेच बाद होतो. त्याला ३ ने भाग जात नाही, म्हणून त्याच्या वर्गाला ३ ने भागल्यास बाकी १ येते. (संख्या ÷ ४६९) ला मात्र ३ ने पूर्ण भाग जातो. वजाबाकीला ३ ने भाग जाणार नाही, म्हणजे ‘ग’ पूर्ण संख्या येणार नाही. उरलेले तिघे पुढीलप्रमाणे सोडवावेत.

स = ६०३ घेतल्यास स² = ३,६३,६०९ आणि संख्या ÷ ६०३ = १,४५,१७३. वजाबाकी २,१८,४३६, तिला ३ ने भागून ग = ७२,८१२. आता दोन संख्यांमधील फरकाचा वर्ग म्हणजे स² − ४ग = ७२,३६१, आणि तो २६९ चा वर्ग आहे. बेरीज ६०३ आणि फरक २६९, म्हणून संख्या ४३६ आणि १६७.

स = ६५१ साठी ग = ९६,४४४, फरकाचा वर्ग ३८,०२५, फरक १९५; संख्या ४२३ आणि २२८. स = ६६९ साठी ग = १,०५,५७०, फरकाचा वर्ग २५,२८१, फरक १५९; संख्या ४१४ आणि २५५. तपासून पाहू:

१६७³ + ४३६³ = ४६,५७,४६३ + ८,२८,८१,८५६ = ८,७५,३९,३१९
२२८³ + ४२३³ = १,१८,५२,३५२ + ७,५६,८६,९६७ = ८,७५,३९,३१९
२५५³ + ४१४³ = १,६५,८१,३७५ + ७,०९,५७,९४४ = ८,७५,३९,३१९

तीन प्रकार आहेत आणि चौथा असू शकत नाही. येथे आणखी एक गोष्ट नजरेत भरते. ६०३, ६५१ आणि ६६९ यांचे अवयव पाहिले तर ६७ पहिल्यात, ७ व ३१ दुसऱ्यात आणि २२३ तिसऱ्यात असे वाटले गेले आहेत. ३ तेवढा तिघांतही आहे. या तीन बेरजांचा गुणाकार २६,२६,१७,९५७ येतो, जो मूळ संख्येच्या बरोबर तिप्पट आहे. (आठ अंकी कॅल्क्युलेटरवर हा गुणाकार मावत नाही. ६०३ × ६५१ = ३,९२,५५३ करून त्याला २२३ ने गुणावे, म्हणजे थेट मूळ संख्या मिळते.) उलट दिशेने पाहिले, तर ज्याला तीन जोड्या आधीच ठाऊक आहेत, त्याला तिसऱ्या पायरीतील सगळे भागाकार न करताही मूळ अवयव मिळाले असते.

अवयवांमध्ये आणखी एक साम्य आहे. ७, ३१, ६७ आणि २२३ या चारही संख्यांना ३ ने भागल्यास बाकी १ येते, आणि १७२९ = ७ × १३ × १९ मध्येही तसेच आहे. हा योगायोग नाही. दोन संख्या परस्परांशी सहमूळ असतील, तर त्यांच्या वर्गांच्या बेरजेतून त्यांचा गुणाकार वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला ३ खेरीज अशाच मूळ संख्या भागतात. असे मूळ अवयव जितके अधिक, तितकी घनांच्या वेगवेगळ्या जोड्यांना जागा अधिक.

सातवी पायरी : तिसरी जोडी कोठून आली

२२८ आणि ४२३ या दोन्हींना ३ ने भाग जातो, २५५ आणि ४१४ यांनाही जातो. १६७ ही मूळ संख्या असून तिचा आणि ४३६ चा सामाईक अवयव १ शिवाय नाही. ३ ने भाग जाणाऱ्या त्या दोन जोड्यांना ३ ने भागले तर ७६³ + १४१³ = ८५³ + १३८³ = ३२,४२,१९७ मिळते. वहीत ठळक करून ठेवलेली संख्या ती हीच. म्हणजे ३२,४२,१९७ ही स्वतः १७२९ सारखी दुहेरी संख्या आहे आणि तिला २७ ने गुणताच १६७ व ४३६ ही तिसरी जोडी उपलब्ध होते. मुळात ती जोडी लहान संख्येतही होती, पण १६७/३ आणि ४३६/३ अशा अपूर्णांकांच्या रूपात; ३ च्या घनाने गुणल्यावर छेद गेला.

हीच कल्पना पुढे नेता येते. अपूर्णांकांतील हव्या तितक्या जोड्या मिळवायच्या आणि योग्य त्या घनाने गुणून सर्व छेद एकदम घालवायचे. कितीही प्रकारांनी लिहिता येणाऱ्या संख्या अस्तित्वात आहेत, हे हार्डी आणि राइट यांनी १९३८ मध्ये सिद्ध केले ते याच धर्तीवर. मात्र या मार्गाने मिळणारी संख्या सर्वांत लहान असेलच असे नाही, आणि अवघड भाग नेमका तोच आहे.

आठवी पायरी : ‘सर्वांत लहान’ या दाव्याची पडताळणी

आपण आतापर्यंत जे केले त्यावरून ८,७५,३९,३१९ ला तीनच जोड्या आहेत हे सिद्ध होते. तिच्याखाली अशी दुसरी संख्या नाही हे सिद्ध होत नाही. त्यासाठी मोठी संख्या ४४४ पर्यंत असलेल्या सर्व जोड्यांच्या घनांची बेरीज काढून, आपल्या संख्येपेक्षा लहान असलेल्या बेरजा क्रमाने लावाव्या लागतात. अशा जोड्या ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात आहेत. येथे वही मिटून संगणक उघडावा हे बरे. आजच्या साध्या संगणकाला हे काम क्षणाचे आहे.

संगणक वापरताना एका गोष्टीची काळजी घ्यावी. स्प्रेडशीटमध्ये संख्येचे पंधराच अंक अचूक राहतात आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. चार प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या ६९,६३,४७,२३,०९,२४८ ही तेरा अंकी असल्यामुळे तिथवर अडचण येत नाही. पाच प्रकारांची संख्या सतरा अंकी आणि सहा प्रकारांची तेवीस अंकी आहे. त्यांच्यासाठी कितीही अंक अचूक ठेवणारी पायथॉनसारखी संगणकभाषा वापरावी.

सरावासाठी ४१०४ ही संख्या घ्यावी. तिचे मूळ अवयव २³ × ३³ × १९ आहेत. ‘स’ १७ ते २५ या पट्ट्यात येतो, तेथे विभाजक तीनच आहेत आणि त्यांतला एक ४६९ प्रमाणेच ३ च्या अटीवर बाद होतो. उरलेल्या दोघांचे ‘ग’ वाचकांनी काढावेत.